सुगंधी तेल कोंडायचं कसं?



दवनीवाड्याकडच्या आपल्या सभासदांना रोशा, म्हणजे तिखाडी, नव्यानं सांगायला नको. विदर्भाचं हे जुनं गवत. वाफेवर त्याचं तेल निघतं, आणि वाफेशी तर कारखान्याची रोजचीच गाठ! पण अशा तेलांची एक खोड आहे. बूच उघडं राहिलं की ती उडून जातात. पोटात घेतली तर एकदम सुटतात, जळजळ करतात. म्हणून औषधवाले त्यांना कोंडतात.

पुदिन्याच्या तेलाचंच बघा. त्याच्या कॅप्सूलचं कवच जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, पुढं आतड्यात विरघळतं. मुरडा जिथं, औषध तिथंच.

दुसरी युक्ती आपल्या साखरेच्या नात्यातली. स्टार्चवर ठरावीक विकर सोडलं की ग्लुकोजचे ६, ७ किंवा ८ मणी जोडून कडं तयार होतं. त्याला सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. फ्रान्सच्या विलिए यांना हा पदार्थ १८९१ साली सापडला. कडं बाहेरून पाण्याला धार्जिणं, आतून तेलाला. तेलाचा रेणू आत बसतो, सहजी उडत नाही, बेताबेतानं सुटतो.

हे काम मात्र औषध कारखान्याचं. उद्या कोणी ‘ऊस मोडा, गवत लावा’ म्हणत आला, तर तेल कोण घेणार ते आधी लेखी मागा, असं आमचं मत. बांधावर चार ठोंब लावायला हरकत नाही. आणि घरात नीलगिरीचं तेल असेल तर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. थोडंसं पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात.