पत्रावरील अक्षरी रक्कम कशी तपासावी?

लखनौ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणमधून घरासाठी १,२०,००० रुपये मिळतात. इंग्रजी पत्रात ही रक्कम ‘वन लाख ट्वेंटी थाउजंड’ किंवा ‘वन हंड्रेड ट्वेंटी थाउजंड’ अशी छापलेली असू शकते. घाबरू नका, दोन्हींचा अर्थ एकच.

असे का होते?
अक्षरी रक्कम बहुधा संगणकातील फंक्शन लिहिते. ते आकड्याचे गट पाडून प्रत्येक गटाला नाव देते. भारतीय पद्धतीत उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन अंकांचे गट: हजार, लाख, कोटी. परदेशी पद्धतीत सगळे गट तीन-तीन अंकांचे. त्यात लाख नसतो.

काय तपासावे?
• १,२०,००० मध्ये एकूण सहा अंक असतात. ‘ट्वेल्व्ह थाउजंड’ म्हणजे फक्त १२,०००.
• इंग्रजी येत नसल्यास विश्वासू व्यक्तीकडून रक्कम मोठ्याने वाचून घ्या.
• धनादेशावर अंकी व अक्षरी रक्कम वेगळी असल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम १८ नुसार अक्षरी रक्कम धरली जाते. म्हणून अक्षरी जागा कोरी ठेवून सही करू नका.

फरक आढळल्यास खंड विकास कार्यालयात लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा आणि अर्जाची पोच घ्या.