नाडी ८४, पण कुठली?

तुमच्या डेटाशीटमध्ये 'नाडी ८४' एवढंच लिहिलंय? मग जरा थांबा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून एक नर्स छातीच्या डाव्या बाजूला, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मध्ये स्टेथोस्कोप ठेवते, दुसरी मनगट धरते आणि एकाच घड्याळावर दोघी पूर्ण ६० सेकंद मोजतात. छातीवर १०२, मनगटावर ८४ आले, तर फरक १८. हाच पल्स डेफिसिट. म्हणजे हृदय धावतंय आणि तुमची शीट म्हणतेय, सगळं ठीक! १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर सुटलेला एक ठोका चारचा होतो, ते वेगळंच. माझ्या पायलटच्या फॉर्ममध्ये 'कुठे मोजली, किती वेळ' हे रकानेच नव्हते. त्या नोंदी मला शेवटी बाद कराव्या लागल्या.