अकरा वर्षांचा पंडित आणि त्याचे टवाळखोर

जे. के. रोलिंगबाईंचा हॅरी पॉटर आपल्या घरांतील मुलांना आता परका राहिलेला नाही. परंतु या हॅरीचा एक सावत्र भाऊ अमेरिकेत जन्मास आला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. एलिझर युडकोव्स्की नावाच्या गृहस्थांनी २०१० साली ही कथा इंटरनेटवर क्रमशः लिहावयास घेतली. पेट्युनिया मावशीने ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाशी लग्न केले असते तर? मग हॅरी पुस्तकांच्या ढिगाऱ्यात वाढला असता आणि जादूच्या शाळेत त्याने मंत्रांवरही प्रयोग करून पाहिले असते! १४ मार्च २०१५ रोजी कथा संपली, तेव्हा प्रकरणे १२२ झाली होती आणि शब्द साडेसहा लाखांच्या वर.

चाहते असे की काय सांगावे! शेवटाजवळ नायक प्राणसंकटात सापडला असता लेखकाने वाचकांनाच साठ तासांची मुदत दिली : सुटकेची युक्ती सुचवा, नाहीतर कथेचा शेवट दुःखाचा होईल. उत्तरांचा पाऊस पडला. रशियात तर २०१८ साली भक्तांनी वर्गणी काढून हे बाड छापून घेतले.

जिथे भक्त, तिथे टवाळखोर आलेच. १८९२ साली शेरलॉक होम्सचेही विडंबन झाले होते. पण ती थट्टा होम्सची होती, त्याच्या वाचकांची नव्हे. इथे दोघांचीही होते. अकरा वर्षांचे पोर हेडमास्तरांना व्याख्यान झोडते, हर्मायनीला मरावे लागते ते नायकाच्या दुःखासाठी, हे आक्षेप मला रास्तच वाटतात. लेखक कॉलेजात गेला नाही म्हणून हसणे मात्र हलकेपणाचे. २०१० सालीच या बुद्धिवादी मंडळींत कुणी तरी एक तर्क मांडला, की भविष्यातील महायंत्र आपल्याला मदत न करणाऱ्यांना शासन करील. युडकोव्स्कींनी ती चर्चाच बंद केली. आपला त्या तर्कावर विश्वास नव्हता, असा खुलासा त्यांनी पुढे केला. पण बुद्धिवादी भुताला भ्याले, ही कोटी कायमची चिकटली.

एरवी हा करमणुकीचाच मामला. पण याच युडकोव्स्कींनी २०२५ साली नेट सोरेस यांच्यासह पुस्तक लिहून बजावले आहे, की माणसाहून बुद्धिमान यंत्र घडले तर मनुष्यजात उरणार नाही. मला ते भाकीत फार ठाम वाटते. तरी ‘हा तर पोरकट कथा लिहिणारा’ एवढे म्हणून ते उडवून लावणे, याला उत्तर म्हणत नाहीत.

आपल्या घरातील कॉलेजकुमार ही कथा वाचत असेल, तर त्याला बाविसाव्या प्रकरणापाशी जरा थांबवा. तिथे हॅरी मोठ्या ऐटीत हर्मायनीकडून मंत्रांचे प्रयोग करवून घेतो. मंत्राचा नेमका उच्चार कशाला हवा, असे त्याचे म्हणणे. एकामागून एक त्याचे सगळे अंदाज खोटे ठरतात. उच्चार नेमकाच लागतो, आणि पुस्तकात तसेच लिहिलेले असते!