पावसाळ्यात तान्ह्या बाळाची पाळणाघरापर्यंतची ने-आण

हुबळी-धारवाडचा पाऊस कोकणातील पावसाप्रमाणे कोसळत नाही. सह्याद्री ओलांडून आलेले ढग धारवाडच्या टेकड्यांवर रेंगाळतात आणि जूनअखेरीपासून दिवसचे दिवस बारीक झड धरून राहते. कानडीत तिला 'जिटीजिटी मळे' म्हणतात. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या आपल्या सीमेवरील तालुक्यांतील लोकांना ही हवा परिचयाची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील रात्रीचे तापमान २०-२१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. याला कोणी कडाक्याची थंडी म्हणणार नाही, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत नेमकी हीच समजूत फसवी ठरते.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. जानेवारीच्या आरंभी प्रसूत झालेल्या नोकरदार स्त्रीची ही रजा जुलैच्या आरंभी, म्हणजे ऐन झडीच्या दिवसांत संपते. रजेचा काही भाग प्रसूतीपूर्वी घेतला असेल, तर बाळ चार-पाच महिन्यांचेच असते. अशा बाळाला सकाळी पाळणाघरात पोहोचवणे व सायंकाळी परत आणणे हा प्रवास थोडक्या अंतराचा असला तरी रोजचा असतो. मजूर स्त्रीची अडचण याहून मोठी, कारण तिला रजाच नसते. ग्रामपंचायतींमधून चालविण्यासाठी कर्नाटक शासनाने २०२३ साली जाहीर केलेली 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, ही योजना अशाच मातांसाठी होती.

वजनाच्या मानाने नवजात बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते. त्यातही डोक्याचा वाटा बराच असतो. लहान अर्भकाला कुडकुडून ऊब निर्माण करणे नीट साधत नाही. पाठीत व मानेजवळ साठलेली विशिष्ट प्रकारची चरबी जाळून ते आपले तापमान राखते. मात्र बाळ गारठते ते केवळ हवेच्या थंडीने नव्हे, तर मुख्यतः ओलीने. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ओला कपडा अंगावर वाळू लागला की त्यासाठी लागणारी उष्णताही अंगातूनच घेतली जाते. म्हणून चार ओलसर कपड्यांपेक्षा दोन कोरडे कपडे अधिक उबदार ठरतात.

ही ओल नेहमी बाहेरूनच येते असे नाही. भिजलेला लंगोट, अंघोळीनंतर ओले राहिलेले जावळ आणि प्लास्टिकखाली साचलेला घाम ही तिची घरचीच कारणे होत. निघण्यापूर्वी लंगोट बदलावा. झडीच्या दिवसांत बाळाची अंघोळ सायंकाळी घरी परतल्यावर घालणे बरे.

प्लास्टिकविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बाळ पूर्ण झाकले जावे म्हणून पुष्कळ माता आपल्या रेनकोटची बटणे बाळाच्या डोक्यावरून लावतात किंवा तोंडावर प्लास्टिकचा तुकडा टाकतात. यात श्वास कोंडण्याचा धोका आहे आणि तो चार थेंब अंगावर पडण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. बाळाचे नाक व तोंड आईला सदैव दिसले पाहिजे. झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकता कामा नये, कारण त्याने श्वासमार्ग दुमडतो. रेनकोट वापरावयाचा तर तो बाळाच्या पाठीवरून घेऊन गळ्यापाशी मोकळा ठेवावा.

या बाबतीत जुनी पद्धत पुष्कळ शहाणपणाची होती. डोके, कान व पाठ झाकून चेहरा उघडा ठेवणारी कुंची, जिला धारवाडकडे कुलावी म्हणतात, ती या कामासाठीच आहे. शेतावर जाणाऱ्या स्त्रिया घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात, तिच्यातही हेच तत्त्व आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही आणि भिजल्यावरही बरीच ऊब धरून ठेवते. मात्र घोंगडी खरखरीत असल्याने ती बाळाच्या त्वचेला लागू देऊ नये. आत सुती दुपटे, त्यावर लोकर आणि सर्वांत बाहेर पाणी अडविणारे आवरण हा क्रम योग्य होय. बाळ आईच्या अंगाशी असेल तर आईची ऊब हे सर्वांत खात्रीचे पांघरूण असते.

दुचाकीवर बाळ नेणे शक्य तो टाळावे. वाऱ्याच्या झोताने ओले अंग झपाट्याने निवते, आणि मागे बसून छत्री धरणे तर उघड अपघाताला निमंत्रण होय. केंद्र शासनाने २०२२ साली केलेल्या नियमांत चार वर्षांखालील मुलासाठी सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलासाठी शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली आहे. त्याहून लहान बाळाच्या मापाचे शिरस्त्राण नसते, यावरून काय ते समजावे. हुबळी-धारवाडच्या दरम्यान २०१८ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित 'चिगरी' बसगाड्या या दृष्टीने सोयीच्या ठरल्या. तथापि ओल्या दुपट्यात गुंडाळलेले बाळ थंड हवेच्या झोताखाली धरू नये. गाडीत बसताच बाहेरचे ओले आवरण काढावे.

पाळणाघरात पोहोचल्यावर प्रथम लंगोट व दुपटे बदलावे, केस टिपावेत आणि कुंची उतरवावी. घरात टोपडे व लोकर तशीच ठेवल्यास बाळाला फाजील उष्मा होतो, तोही अपायकारकच. त्यासाठी कोरड्या कपड्यांचे दोन जोड घट्ट झाकणाच्या डब्यात पाळणाघरातच ठेवावेत. झडीत कपडे वाळत नाहीत ही खरी अडचण. दमट लंगोट इस्त्रीने कोरडे करता येतात. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर मात्र ते वाळवू नयेत, कारण कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही.

बाळाचे पाय गार आणि पोट उबदार असेल, तर त्याला थंडी बाधू लागली आहे असे समजावे व उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. पोटही गार लागले, बाळ मलूल झाले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याला तसेच छातीशी धरून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.