जुनी स्पीडबोट पारखताना

पिंपरी-चिंचवडमधून पवना, इंद्रायणी आणि मुळा अशा तीन नद्या वाहतात. त्यांपैकी एकीतही स्पीडबोट चालवावी असं पाणी नाही. तरीही भोसरीतल्या, चाकणच्या बाजूच्या शेडांमध्ये ट्रेलरवर चढवलेली एखादी जुनी फायबरची बोट मला अधूनमधून दिसते. याचं कारण इथल्या माणसांत आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्यानंतर आकुर्डी, पिंपरी, चिंचवड भागांत मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांत कोकणातून आलेली पुष्कळ माणसं लागली. आता ती निवृत्त होत आहेत. फंडाचे किंवा स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हातात आहेत, गावाकडे मालवण, मुरूड, दिवेआगरला पर्यटक येताहेत. नवी बोट परवडत नाही, पण मुंबईतल्या कुणा हौशी श्रीमंताने दहा-पंधरा वर्षं वापरलेली बोट आवाक्यात येते. यंत्रं आपल्याला कळतात, मग बोट का कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. तो निम्मा बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात सगळी जमापुंजी जाऊ शकते, आणि कधी कधी बोटीत बसलेल्यांचा जीवही.

मी स्वतः इन्स्पेक्शन विभागात गेज हाताळत वाढलो. बोटींविषयी जे शिकलो ते हात लावून, गोदीतल्या मिस्त्रींना विचारून आणि वाचून. म्हणून लिहितो आहे तेही तपासणीच्याच अंगाने.

साधी होडी पाणी बाजूला सारत जाते. स्पीडबोट विशिष्ट वेगानंतर पाण्यावर चढते आणि घसरत पळते. त्यामुळे प्रत्येक लाट तिच्या पोटावर हातोड्यासारखी बसते. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ आकाराच्या पोटाची ‘मॉपी’ ही बोट रिचर्ड बर्ट्रम यांनी खवळलेल्या समुद्रात पहिली आणली, आणि तेव्हापासून जगभरच्या वेगवान बोटींची पोटं तशी होऊ लागली. ‘व्ही’ने लाट कापली जाते, पण आघात नाहीसा होत नाही; तो सांगाड्यात मुरतो. जुन्या बोटीत हा मुरलेला आघात शोधायचा असतो. चकचकीत रंग पाहून भुलू नये. उलट विकण्याच्या तोंडावर दिलेला ताजा रंग हा माझ्या मते संशयाचाच मुद्दा.

सुरुवात मागच्या फळीपासून करावी, म्हणजे जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं तिथून. बोटवाले तिला ट्रान्सम म्हणतात. बऱ्याच जुन्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टसाठी पाडलेल्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं; बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जावं. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा कुज. ओतकामाचा तुकडा टांगून वाजवून पाहिलेल्या माणसाला हा आवाज शिकवावा लागत नाही. मग आउटबोर्ड इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्यावा आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगावं. फळी किंचितही लवली तर सौदा तिथेच थांबवावा. ही दुरुस्ती म्हणजे बोटीचा मागचा भाग उघडणं, आणि तिचा खर्च बोटीच्या किमतीला सहज भिडतो.

पोटाला पडलेल्या भेगांचेही प्रकार असतात. एका बिंदूतून ताऱ्यासारख्या फुटलेल्या रेषा म्हणजे कधीतरी बसलेला धक्का. कोपऱ्यालगत समांतर गेलेल्या रेषा म्हणजे तो भाग वाकतो आहे, आतले आधार सैल झाले आहेत. दुसऱ्या प्रकारची मला जास्त भीती वाटते. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील तर एखादा मालकाच्या परवानगीने टोचावा. आतून आंबूस वासाचं द्रव आलं तर पाणी फायबरच्या राळेत शिरलं आहे. थोडे फोड असतील तर बोट मोडीत काढायची गरज नसते. किंमत मात्र उतरवून घ्यावी.

आता आपल्या पट्ट्यातली एक सोय. बोटीच्या पोकळ्यांत भरलेला फोम जुना झाला की पाणी धरतो, आणि ते वरून कळत नाही. चाकण, मोशी परिसरात वजनकाट्यांना तोटा नाही. बोट ट्रेलरसकट काट्यावर घ्यावी, मग रिकामा ट्रेलर वजन करावा, टाकीतलं इंधन आणि इंजिन हिशेबात धरावं आणि निर्मात्याने दिलेल्या वजनाशी ताडावं. दोन-तीनशे किलो जास्त भरले तर ते पाणीच असण्याची शक्यता मोठी. काट्याच्या पावतीएवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

इंजिनाकडे वळताना तासांचा आकडा आधी विचारला जातो, पण तो फसवा आहे. मोटारीचं इंजिन सपाट रस्त्यावर आरामात असतं. वेगवान बोटीचं इंजिन म्हणजे भरल्या गाडीने सतत खंडाळ्याचा घाट चढणं. म्हणून पाचशे तास हा आकडा मोटारीच्या मापाने मोजू नये. त्याचबरोबर तीन वर्षं उभं राहिलेलं, शंभरच तास चाललेलं इंजिन नियमित चाललेल्यापेक्षा वाईट असू शकतं, कारण मीठ काम थांबवत नाही. तपासायला जाल तेव्हा आधी इंजिनावर हात ठेवा. ते कोमट असेल तर तुम्ही येण्यापूर्वी कुणीतरी सुरू करून ठेवलं आहे. थंड इंजिन कसं सुरू होतं हेच पाहायचं होतं. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजावं. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या पुढे फरक गेला की कारण शोधायचं. खालच्या गिअरपेटीचं तेल थोडं काढून पाहावं. दुधाळ असेल तर सील गेलं, पाणी आत आलं. चकाकणारे कण असतील तर दात किंवा बेअरिंग खाल्लं जातंय. इंजिन बोटीच्या आत आणि पाय बाहेर अशी रचना असेल तर त्या दोहोंमधला रबरी भाता दुमडींपर्यंत उघडून बघावा. तो फाटला तर पाणी थेट बोटीत येतं. एक्झॉस्टचे बिडाचे भाग खाऱ्या पाण्याने आतून खाल्ले जातात आणि ते पाणी सिलिंडरमध्ये उतरतं; ते काढल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून शेवटचे कधी बदलले याचं बिल मागावं.

आणि इथे आपल्या माणसांना एक मोह होतो. बोटीच्या आतल्या पेट्रोल इंजिनांपैकी पुष्कळशी मुळात मोटारीच्याच इंजिनांवर बेतलेली असतात. अल्टरनेटर किंवा स्टार्टर बिघडला की वाटतं, तसाच तर मिळतो, निम्म्या पैशांत. दिसायला तसाच असतो. पण बोटीसाठीचा ठिणगी बाहेर पडू नये असा बंदिस्त केलेला असतो. मोटारीत पेट्रोलची वाफ खाली रस्त्यावर निघून जाते. ती हवेपेक्षा जड असल्याने बोटीत मात्र तळाशी साचते, आणि उघड्या ठिणगीने बोट पेटते. जुनी बोट बघताना हे सुटे भाग बारकाईने पाहा. कुणी मोटारीचे बसवले असतील तर त्या मालकाने आणखी काय काय ‘जमवलं’ असेल याचा अंदाज येतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. म्हणून जुन्या इंधननळ्या हाताने दाबून पाहाव्यात. मऊ पडलेली किंवा वास येणारी नळी लगेच बदलायची.

पाण्यातल्या चाचणीशिवाय खरेदी करू नये. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन निर्मात्याने दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतं का ते पाहावं, आणि सोबत छोटा हिशेब करावा. समजा फेऱ्या मिनिटाला ५५००, गिअरचं प्रमाण १.८५ आणि पंख्याची पिच २१ इंच. पंखा मिनिटाला सुमारे २९७३ वेळा फिरेल आणि पाण्यात अजिबात घसरला नाही तर ताशी ९५ किलोमीटर पुढे जाईल. जीपीएसवर ८४ दिसले तर घसर सुमारे १२ टक्के; ती चालते. ७० च दिसले तर पंखा मुडपलेला आहे, पोट खराब आहे किंवा बोट जड झाली आहे. ती जड झाली की नाही हे काट्याच्या पावतीवरून आधीच कळलेलं असतं.

थ्रॉटल आणि सुकाणू यांच्या केबली मी सर्वांत शेवटी नाही, चाचणीच्या आधी तपासतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. त्याआधी २४ ऑक्टोबर २०१८ ला शिवस्मारकाच्या कामासाठी निघालेली स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली होती. म्हणून चाचणी घेताना अंगात जॅकेट, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला, आणि ओळखीचं पाणी. सोबत त्या किनाऱ्यावरचा तांडेल.

कागदांचं थोडक्यात. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत निघाला. आपल्याकडे नोंदणी आणि सर्वेक्षण महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड पाहतं. बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदांशी स्वतः जुळवून घ्यावा. क्रमांकाची पट्टी खरवडलेली दिसली की घासाघीस न करता परत यावं.

चाचणी संपून बोट ट्रेलरवर आली की तळाचं बूच काढायचं आणि खाली बादली धरायची. तासाभराच्या फेरीत तांब्याभर पाणी येऊ शकतं. बादली भरली तर ते कुठून आलं हे सापडेपर्यंत विसार द्यायचा नाही.