गर्दच्या उपचारात साथ देणारा डॉक्टर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्द, अफू, मॉर्फीन, ट्रामाडॉलच्या गोळ्या, कोडीन घातलेली खोकल्याची औषधे ही सगळी अफूवर्गीय द्रव्ये. त्यांच्या व्यसनावरचा उपचार बहुधा वर्षांच्या हिशेबाने चालतो. त्यामुळे कोणते औषध घ्यायचे, याइतकेच ते कोणत्या डॉक्टरकडून घ्यायचे यालाही महत्त्व येते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. मुंबईला गर्दचा विळखा पडला तो १९८० च्या दशकात. इतकी वर्षे लोटली तरी डॉक्टर शोधायला निघालेल्या कुटुंबाच्या मनात काही समजुती घट्ट बसलेल्या असतात.

शरीर एकदा ‘साफ’ झाले की माणूस सुटला, ही त्यातली सर्वांत महागात पडणारी. शेवटच्या झुरक्यानंतर साधारण ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते: जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, हातपाय ओढणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते आणि आठवडा-दहा दिवसांत उतरते. ओढ मात्र मेंदूत महिनोन्‌महिने राहते. शिवाय या दहा दिवसांत शरीराची सहनशक्ती घटलेली असते. घरी परतलेल्या माणसाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरला विचारावे, ‘टर्की उतरल्यावर पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर फक्त ‘मग इच्छाशक्ती’ असेल, तर तो उपचार अर्धाच आहे.

‘एक नशा सोडवायला दुसरी नशा’ हा आक्षेप ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन या औषधांवर घेतला जातो. नातेवाईक तो घेतातच, पण काही डॉक्टरही घेतात. ही औषधे अफूवर्गीयच आहेत, हे खरे. फरक पडतो तो त्यांच्या परिणामात. गर्दची झिंग चढते, काही तासांत उतरते आणि माणूस पुन्हा पुडीच्या मागे धावतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागा धरून ठेवते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. ठरावीक मात्रेनंतर त्याचा परिणाम फारसा वाढत नाही. टर्की थांबते, ओढ कमी होते, माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. भारतात मेथाडोनचा उपचार प्रथम ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाला, त्यांत परळचे केईएम रुग्णालय होते.

ब्युप्रेनॉर्फिन नेहमीच्या मेडिकलच्या दुकानातून आणायची गोळी नाही. एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांवर परिचारिका ती समोर भरडून जिभेखाली ठेवायला देते. विरघळेपर्यंत रुग्ण तिथेच बसतो, बोलत नाही, गिळत नाही. पहिली मात्रा टर्की दिसू लागल्यावरच द्यावी लागते. अंगात गर्द असताना ती दिली, तर औषधच टर्की आणते आणि ‘डॉक्टरने उलटे औषध दिले’ म्हणून रुग्ण परत फिरकत नाही. जाणता डॉक्टर हे आधीच समजावून सांगतो. दुसरी चूक मात्रेची. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन दीर्घकालीन उपचारात दिवसाला सरासरी किमान ८ मिलिग्रॅमचे आहे. ‘सवय लागेल’ या धास्तीने त्याहून फार कमी देणारा डॉक्टर रुग्णाला नकळत गर्दकडेच ढकलतो. पहिल्या दिवशीच औषध बंद करण्याची तारीख सांगणाऱ्याबद्दलही शंका घ्यावी. बंद कधी करायचे, हे रुग्णाची नोकरी, घर, झोप सावरल्यावर, त्याच्याशी बोलून ठरते.

नालट्रेक्सोन हे वेगळ्या वळणाचे औषध. ते अफूवर्गीय द्रव्यांचा परिणामच रोखते, पण त्याआधी सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे राहावे लागते. ज्यांची घरची देखरेख चांगली आहे, त्यांना ते मानवते.

चांगला डॉक्टर म्हणजे मोठे खासगी रुग्णालय आणि भरती, असेही मानले जाते. पण बहुतेकांचा उपचार बाह्यरुग्ण विभागात होऊ शकतो. मुंबईत, उदाहरणार्थ, सांताक्रूझच्या रहिवाशाला जवळ आहे ते विलेपार्ल्याच्या बाजूचे महापालिकेचे कूपर रुग्णालय. ते वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने तिथे मानसोपचार विभाग आहे. लोकलने प्रभादेवीला उतरून केईएम गाठता येते, मुंबई सेंट्रलला उतरून नायर. वांद्र्याला कृपा फाउंडेशन १९८१ पासून व्यसनमुक्तीचे काम करते. रस्त्यावर राहून सुईने नशा घेणाऱ्यांसाठी संकल्प ही संस्था मुंबईत आहे. महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एक व्यावहारिक अडचण येते: निवासी डॉक्टर बदलत राहतात. दर खेपेला नव्या चेहऱ्यापुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा येऊन कितीतरी जण उपचार सोडतात. त्यामुळे केसपेपरवरचे युनिट आणि त्याचा ओपीडीचा वार धरून ठेवावा, जुने कागद एका फायलीत न्यावेत.

डॉक्टर पोलिसांना कळवेल, या भीतीने अनेक जण दार ठोठावतच नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४ अ तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेल्या, पण स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. विक्री करणाऱ्याला ही सवलत नाही.

रात्री गाडी आणून माणसाला उचलून नेणारे केंद्र ‘कडक’ म्हणून चांगले, असेही ऐकू येते. कायद्यात तसे काही नाही. संमतीशिवाय दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत पहिल्यांदा कमाल ३० दिवसांची असते आणि साखळीने बांधण्यास बंदी आहे. केंद्राची नोंदणी पाहायला मागणे हा कुटुंबाचा हक्क आहे.

घसरण झाली की उपचार फसला आणि डॉक्टरने हाकलून द्यावे, हा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी त्याचे इन्सुलिन बंद करत नाही. लघवीच्या तपासणीत गर्द सापडले, तर मात्रा कमी पडते का, घरात काय घडले, हे विचारणारा डॉक्टर योग्य.

उपचार चालू असल्याचे दंतवैद्य, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यापासून लपवणे धोक्याचे असते. नालट्रेक्सोन घेणाऱ्याला शस्त्रक्रियेनंतर मॉर्फीनसारखी वेदनाशामके लागू पडत नाहीत. गरोदर स्त्रीने ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन एकाएकी सोडू नये. या काळात ते चालू ठेवण्याचाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बाळाला जन्मानंतर त्रास झाला, तर त्यावर उपचार होतात.

मानसोपचारतज्ज्ञाकडे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम यांपैकी पदवी-पदविका आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी असायला हवी. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेलिमानससाठी १४४१६ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. डॉक्टर बदलायचा झाल्यास आधीच्या डॉक्टरकडून कागदपत्रे मागता येतात आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. औषधाची मात्रा त्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे नव्या डॉक्टरला ती न तोडता पुढे चालवता येते.