परवलीचा शब्द आणि मुखत्यारपत्र

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की संगणकाच्या दुकानांत पालकांची रीघ लागते. आपला परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, एका चिठोऱ्यावर लिहून दुकानदाराच्या हाती द्यावयाचा आणि निर्धास्त मनाने घरी परतावयाचे, हे आता अंगवळणी पडले आहे. तिजोरीची किल्ली सख्ख्या शेजाऱ्यालाही न देणारी माणसे हा शब्द मात्र सहज देऊन टाकतात.

संगणकावरील सेवांचीही एके काळी हीच रीत होती. समजा, छायाचित्रे छापून देणाऱ्या एखाद्या सेवेला आपली दुसरीकडे साठवलेली छायाचित्रे हवी आहेत. ती आपल्याजवळ तेथला परवलीचा शब्दच मागत असे. तो दिला की छायाचित्रांबरोबर आपला पत्रव्यवहारही तिला खुला होई. या मोकळिकीला मुदत नसे. आणि ती काढून घ्यावयाची तर मूळ शब्दच बदलावा लागे.

या अडचणीवर उपाय म्हणून २००७ साली 'ओऑथ' नावाची नियमावली प्रसिद्ध झाली. आज सर्वत्र वापरात असलेली तिची दुसरी आवृत्ती २०१२ च्या ऑक्टोबरात आली. तिचे मर्म कोर्टकचेऱ्यांशी परिचय असलेल्या वाचकांना चटकन उमगेल. आम मुखत्यारपत्राने सारेच अधिकार दुसऱ्याकडे जातात. खास मुखत्यारपत्राने नेमून दिलेले तेवढेच काम. ओऑथ हे खास मुखत्यारपत्र होय. ते लिहून देणाऱ्या कचेरीस 'ऑथरायझेशन सर्व्हर' म्हणतात आणि त्या पत्रास 'टोकन'.

व्यवहार असा चालतो. छपाईची सेवा आपणांस या कचेरीच्या दारी पाठवते. परवलीचा शब्द आपण फक्त तेथेच सांगतो. 'अमुक सेवेला केवळ छायाचित्रे पाहू द्यावीत काय?' असे कचेरी विचारते. आपण होकार दिला की ती आपल्या ब्राउझरच्या वाटेने एक अल्पजीवी संकेतांक परत धाडते. मग ती सेवा हा संकेतांक व स्वतःची ओळख थेट कचेरीत सादर करून टोकन मिळवते. हा दुहेरी खटाटोप व्यर्थ नव्हे. ब्राउझरची वाट वर्दळीची. तेथे संकेतांक कोणी लांबवला, तरी सेवेच्या ओळखीवाचून त्याचा उपयोग नाही. शिवाय तो एकदाच चालतो, आणि त्याचे आयुष्य दहा मिनिटांहून अधिक नसावे, अशी नियमावलीची शिफारस आहे.

जावा या संगणकभाषेत काम करणाऱ्या आपल्या तरुणांना अशी कचेरी उभारण्यासाठी 'स्प्रिंग' या प्रसिद्ध साधनसंचाचा आधार मिळतो. त्याच्या कर्त्यांनी २०१९ साली हे अंग पुढे न चालवण्याचे जाहीर केले होते. परंतु वापरणाऱ्यांच्या आग्रहामुळे २०२० मध्ये नव्याने काम सुरू झाले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात 'स्प्रिंग ऑथरायझेशन सर्व्हर'ची पहिली पक्की आवृत्ती निघाली. थोड्या ओळींत कचेरी उभी राहते खरी. धोका आहे तो नमुन्यादाखल दिलेला मजकूर जसाच्या तसा वापरण्यात.

त्या नमुन्यात नोंदी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात; यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की सारे दप्तर कोरे! म्हणून नोंदी डेटाबेसमध्ये ठेवाव्यात. टोकनावर उमटणारा शिक्काही नमुन्यात दर प्रारंभी नव्याने कोरला जातो. त्यामुळे कालची अस्सल पत्रे आज बनावट ठरतात. शिक्का एकच, टिकाऊ आणि कुलूपबंद असावा. पडताळणीसाठी जाहीर करावयाचा तो केवळ त्याचा नमुना. सेवांची गुप्त खूण उघड्या अक्षरांत न ठेवता उलट न वाचता येईल अशा रूपात साठवावी. संकेतांक परत पाठवण्याचा पत्ता आधी नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. येथे ढिलाई झाली की संकेतांक चोराच्या घरी पोहोचलाच. या संचात टोकनाची मुदत, वेगळे काही न सांगितल्यास, पाच मिनिटांची असते. ती कंटाळून महिनाभराची करू नये. हरवलेल्या टोकनाचे नुकसान मुदतीइतकेच मोठे असते.

सोयीसाठी परवलीचा शब्द थेट सेवेच्या हाती देण्याची एक पळवाटही २०१२ च्या नियमावलीत होती. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरक्षाविषयक मार्गदर्शनाने ती वापरण्यास साफ मनाई केली.

वाचकांकडेही याची अर्धी जबाबदारी येते. कचेरीने कितीही चोख प्रश्न विचारला, तरी न वाचता होकार देणाऱ्यास कोण वाचवणार? कोणती सेवा काय मागते आहे, हे वाचावे. जरुरीहून अधिक मागत असल्यास नकार द्यावा. पूर्वी दिलेल्या परवानग्यांची यादी बहुतेक मोठ्या सेवांच्या खात्यात पाहावयास मिळते. वर्षातून एकदा ती उघडून काम संपलेली मुखत्यारपत्रे रद्द करावीत. त्यासाठी परवलीचा शब्द बदलण्याचीही गरज पडत नाही.